वीसमधली एक

“सिस्टर, तुम्ही तुमच्या स्वतःच्या पोरांना टोचली का ही लस?”

प्रश्न नाझनीनचा, पैज पल्लवीची, तोंड माझं. ‘तुझ्यात दम नाही’ एवढं म्हटलं की प्रांजल खैरनार काहीही करते, हे त्या दोघींना बालवाडीपासून पाठ होतं. त्यात मी सातवीत होते आणि नुकतीच तालुक्याहून वक्तृत्वाची ढाल घेऊन आले होते. कुणी नुसतं माझ्याकडे बघितलं तरी मी उभी राहून बोलायला लागायची. पैज एका कचोरीची होती.

आहिरे सिस्टर आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत गोवर-रुबेलाची लस टोचायची होती, म्हणून आदल्या दिवशी समजावून सांगायला आल्या होत्या. फळ्यापाशी उभ्या, हातात खडू. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“टोचली. दोघांना. धाकटा टोचून झाल्यावर माझ्याच मनगटाला चावला.”

वर्ग हसला. कचोरी जिंकली होती. खाली बसायचं एवढंच काम उरलं होतं. आज दहावीत हे लिहायला बसले तरी मला सांगता येत नाही की मी तेव्हा का बसले नाही. पुढचा प्रश्न आला, तो कुणी लावून दिलेला नव्हता.

“मग दोन्ही डोस घेतलेली पोरगी गोवरानं कशी मेली?”

नाझनीननं बाकाखालून माझा फ्रॉक ओढला. साळुंके सर खुर्चीतून म्हणाले, “खैरनार, बस खाली.”

“राहू द्या सर,” सिस्टर म्हणाल्या. “बरोबर विचारतेय. मोठी माणसंसुद्धा हेच विचारतात, फक्त माझ्या पाठीमागे.” मग त्यांनी खडू ठेवला आणि हात झटकले. “पुढचे दोन बाक, उभे राहा. खिडकीकडचे पण. किती झाले? हिला धरून वीस. आता ऐका. या विसांनी नवव्या महिन्यात गोवराचा पहिला डोस घेतला. तू, तू, तू, इथपर्यंत सतरा जण, तुम्हाला तो लागू पडला, तुम्ही बसा.”

सतरा जण धाडधाड बसले. उरलो तिघं. दिनेश, पल्लवी आणि मी.

“या तिघांना टोचलं, पण ते लागू पडलं नाही. कुणाची चूक नाही. लहान अंग असतं, आईकडून आलेलं थोडं बळ अजून रक्तात असतं, लस नीट रुजत नाही. पण हे तीन कोण, ते बाहेरून दिसत नाही. कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून सोळा महिन्यांनंतर दुसरा डोस. सगळ्यांनाच. तुम्ही दोघं बसा.”

दिनेश आणि पल्लवी बसले.

“एक उरली,” सिस्टर माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. “दोन डोस देऊनही वीसमध्ये एखादं असं उरू शकतं. खोटं कशाला सांगू? पण गोवर आता दारातून आत आला, तर हिच्यापर्यंत पोचेल कसा? सगळे बसलेत. आणि आता समजा, कुणीच टोचून घेतलं नाही. सगळे उभे राहा बघू. अख्खा वर्ग.”

बाकं करकरली. सगळे उभे राहिल्यावर मला फळासुद्धा दिसेना.

“आता?” सिस्टर म्हणाल्या. “आता ही पण सापडेल आणि तुम्ही पण. कळलं? बसा.”

सगळे बसले. मी उभीच. त्या माझ्या बाकाजवळ आल्या.

“कुणाची पोरगी म्हणालीस?”

“माझी बहीण. धनश्री.”

“मशीनवाल्या खैरनारांची तू?”

“हो.”

“दोन्ही डोस झाले होते, हे कुणी सांगितलं तुला?”

“कार्डावर आहे.”

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुसतच राहिल्या. “उद्या घेऊन येशील ते? मला कधी बघायला मिळालं नाही.”

* * *

धनू गेली तेव्हा मी तिसरीत होते आणि ती अडीच वर्षांची. घरात गोवर मी आणला. माझ्या बाकावरच्या मुलीला झाला होता, मग मला झाला. आई मला एका कोपऱ्यात निजवायची आणि धनू लोळत लोळत माझ्या गोधडीत यायची. मी तिला हाकललं नाही, कारण ती आली की मला बरं वाटायचं. समोरच्या ठगूआजीनं उंबऱ्याला कडुनिंब लावला, घरात फोडणी बंद केली आणि आईच्या मशीनलाही हात लावू दिला नाही. अंगात देवी आलेली असताना सुई चालवायची नसते म्हणे. मी आठव्या दिवशी अंगणात लंगडी खेळत होते. मग धनूला गोवर निघाला आणि तिच्या छातीत भरलं. पप्पा तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले ते रिकामे आले.

आमचं घर दोन आवाजांचं. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, मागच्या पडवीत पप्पांचं मोटारी भरायचं काम. जळालेल्या मोटारीची काळी तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची. धनू या दोन्हींच्या मध्ये राहायची. आई शिवत असली की ती मशीनखाली बसून हातानं पायडल ढकलायची. आई ओरडायची, “अगं सुई वाकडी पडतेय,” आणि ती आणखी जोरात ढकलायची.

ती गेल्यावर आईनं मशीनखाली कधी काही ठेवू दिलं नाही. कापडाचं गाठोडं नाही, की चपला नाहीत. आई शिवता शिवता थांबून पाय काढून घ्यायची, तेव्हा पायडल आपोआप दोनदा खालीवर व्हायचं. सगळ्याच मशीनींचं होतं, मला माहीत आहे. पण तेवढ्या वेळात आम्ही तिघंही तिकडेच बघायचो, आणि मग कुणीतरी एकदम काहीतरी बोलायचं, पाणी आलं का नळाला, वगैरे.

लसीचं कार्ड मशीनच्या ड्रॉवरमध्ये होतं, बॉबिनच्या डबीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. गल्लीत कुणाला बाळ झालं, उपकेंद्रातून निरोप आला, की बाया आईकडे यायच्या. आई कार्ड काढायची.

“हे बघ. नववा महिना, दिला. सोळावा महिना, दिला. माझ्या पोरीला दोन्ही दिले. आता तू ठरव.”

बाई कार्ड बघायची, मग आईकडे बघायची आणि ठरवायची. आमच्या गल्लीत अकरा घरं. चार वर्षांत एकाही घरातलं मूल लसीच्या गुरुवारी उपकेंद्रात गेलं नाही. आहिरे सिस्टर सुरुवातीला दोनदा घरी आल्या होत्या. आईनं दोन्ही वेळा कडी लावून घेतली.

आणि आता घरात माझा धाकटा भाऊ हर्षू होता, दहा महिन्यांचा. रांगायला लागला होता आणि सारखा मशीनखाली जायचा. तो तिथे गेला की आई असा आवाज काढायची की तो रडायच्या आधी मीच दचकायची. कुंभार गल्लीत त्याच आठवड्यात तीन पोरांना गोवर निघाला होता. कुंभार गल्ली म्हणजे आमच्या पडवीच्या मागची भिंत.

त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, “सिस्टर म्हणाल्या, दोन डोस देऊनही वीसमध्ये एखादं उरतं. आपली धनू ती एक असेल.”

आई ब्लाऊजला हूक लावत होती. “म्हणजे माझ्याच वाट्याला आलं. बरं.”

“पण हर्षू एकोणीसमधला असू शकतो ना.”

“ती पण असू शकत होती.” आईनं दोरा दातानं तोडला. “मी काय वीस पोरं आणू मोजायला? माझी एक होती.”

पडवीत पप्पांचा हातोडा थांबला होता. लसीचा विषय निघाला की पप्पा कधीच काही बोलत नसत. उठून हात धुवायला जात. आताही नळ सुटल्याचा आवाज आला.

शाळेनं पालकांसाठी चिठ्ठी दिली होती. आईनं त्यावर ‘नको’ लिहिलं आणि खाली सही केली.

* * *

बुधवारी सगळा वर्ग ओळीत उभा राहिला आणि मी एकटी कट्ट्यावर. नाझनीन दंड चोळत बाहेर आली. “मुंगी चावल्यासारखं होतं गं,” म्हणाली आणि मग मला बरं वाटावं म्हणून, “जरा मोठी मुंगी.” पल्लवीनं कचोरीचा अर्धा तुकडा मला दिला. उरलेला अर्धा तिनं वाटेतच खाल्ला होता.

पोरं संपल्यावर सिस्टर बाहेर आल्या. मी चित्रकलेच्या वहीतून कार्ड काढलं. त्यांनी ते दोन्ही हातांवर असं घेतलं, जसं कुणी ओला फोटो घेतं.

एका पावसात आमचं छत गळलं होतं आणि ड्रॉवरमध्ये पाणी गेलं होतं; प्लॅस्टिकची पिशवी त्यानंतर आली. कार्डावरची शाई फुटून जांभळे ढग झाले होते. जन्मल्याचा डोस, दीड महिन्याचा, नवव्या महिन्याचा, सगळ्या तारखा ढगांत. फक्त सोळाव्या महिन्याच्या चौकोनातली तारीख स्वच्छ वाचता येत होती. आई बोट ठेवायची ती तिथेच.

सिस्टरांनी ते बघितलं. मग नखानं त्या तारखेवर हलकेच घासलं. नखाला करडा रंग लागला.

“ही पेन्सिल आहे, प्रांजल.”

“मग?”

“टोचलं की आम्ही पेनानं लिहितो. पुढं कधी यायचं, ती तारीख पेन्सिलनं. आई बाळाला घेऊन आली, टोचलं, की पेन्सिल खोडायची आणि पेनानं लिहायचं. हा पहिला डोस, बघ, शाई पसरलीय. तो मी दिला. माझंच अक्षर. आणि ही,” त्या थांबल्या, “ही या म्हणून लिहिलेली तारीख आहे. आल्याची नाही.”

मैदानावर पाचवीची पोरं खो-खो खेळत होती. कुणीतरी ‘खो’ म्हणालं आणि कुणी उठलंच नाही, त्यावरून भांडण लागलं होतं.

“शाई पाण्यानं जाते,” मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

“हो. पेन्सिल राहते.” त्यांनी कार्ड पिशवीत घातलं. “त्या गुरुवारी मी नावं वाचत होते, धनश्री खैरनार आली नाही. तुमच्या समोरच्या आजींकडे निरोप दिला. निरोप उलट आला की डोस झालाय. मला वाटलं, मामाच्या गावाला दिला असेल. वहीत तसा शेरा मारला आणि पुढं गेले. चार पावलं चालून तुमच्या घरी यायला हवं होतं मी.”

“आमचं कार्ड बघितलं असतं तर कळलं असतं?”

“बघताक्षणी.”

“दिला असता तर वाचली असती?”

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही, म्हणून मला त्यांच्यावर विश्वास बसला.

“ते मी सांगणार नाही. कुणीच सांगू शकत नाही. कदाचित ती विसावीच असती. पण तीनमधल्या दोघांना दुसरा डोस वाचवतो, एवढं मला माहीत आहे. ती त्या दोघांत असती की नाही, हे बघायची संधी आपण घेतली नाही.”

“गोवर घरात मी आणला होता,” मी म्हटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ढाल जिंकलेल्या भाषणात माझा आवाज जसा होता, तसा तो अजिबात नव्हता.

“तू आठ वर्षांची होतीस,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, काही नाही. नुसत्या शेजारी बसून राहिल्या. मग विचारलं, “घरी बाळ आहे ना? त्याचा पहिला डोस?”

मी नाही म्हणून मान हलवली आणि तो दहा महिन्यांचा आहे म्हणून सांगितलं.

“उद्या गुरुवार आहे,” त्या म्हणाल्या. “दहा महिने म्हणजे काही बिघडलेलं नाही. पण कुंभार गल्ली मागेच आहे तुमच्या.”

* * *

शाळेपासून घर बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत मला तो दिवस आठवला, जो मी कधी विसरलेच नव्हते, फक्त कधी उलटून बघितला नव्हता.

आजोबा आजारी म्हणून आई नांदगावला गेली होती. जाताना पप्पांना चारदा सांगून गेली, गुरुवारी धनूला उपकेंद्रात न्यायचंय, कार्ड ड्रॉवरमध्ये आहे. सकाळी पप्पांनी धनूला स्कूटरवर पुढे उभं केलं. मी शाळेत गेले. संध्याकाळी ते दोघं आले तेव्हा धनूच्या हातात तांब्याच्या तारेचं कडं होतं, पप्पांनी पिळून केलेलं, आणि ती ते मला सारखं दाखवत होती. मी तिचे पाय धुतले. गुडघ्यापर्यंत चिखल होता. काळा, विहिरीवरचा असतो तसा. रात्री आईचा फोन आला, सुई टोचली तेव्हा रडली का. पप्पा म्हणाले, नाही, शहाणी आहे माझी.

उपकेंद्राच्या अंगणात फरशी आहे. चिखल नाहीच तिथे.

मी सात वर्षांची होते तेव्हा. मला फक्त कडं आवडलं होतं.

* * *

घरी आले तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. आई मशीनवर, शाळेच्या गणवेशांचा ढीग बाजूला. पप्पा पडवीच्या उंबऱ्यात बसून मोटारीत तार भरत होते. हर्षू दोघांच्या मधल्या फरशीवर, एका रिकाम्या रिळामागे रांगत.

मी दप्तर ठेवलं, कार्ड काढलं आणि मशीनच्या पाटावर ठेवलं.

आईचे पाय थांबले. “ड्रॉवरला हात कुणी लावला?”

“मी. सिस्टरना दाखवलं.”

“कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही.”

“ढाल काय मिळाली, पोरगी शेफारली,” आई पप्पांकडे बघून म्हणाली. “ऐकलंत का? माझ्या मेलेल्या पोरीचं कार्ड घेऊन गावभर फिरतेय ही.”

पप्पांनी मान वर केली नाही. त्यांची बोटं तारेवर होती, पण तार पुढे जात नव्हती.

मी भाषण तयार करून आले होते, अगदी ‘आदरणीय’ सोडून सगळं. पप्पांच्या बोटांकडे बघितलं आणि ते सगळं गिळून टाकलं. मी कंपासपेटी उघडली आणि खोडरबर काढून कार्डाच्या शेजारी ठेवलं.

“सिस्टर म्हणाल्या, दिलेला डोस पेनानं लिहितात. द्यायचा असला की पेन्सिलनं.” मी आईकडे न बघता बोलले. “पप्पा, ही तारीख खोडून जाते का, तुम्हीच बघा ना.”

आई आधी हसली. खरंच हसली. “काय बोलतेस? मी आले तेव्हा तारीख होती तिथे. बरोब्बर त्याच गुरुवारची. मी पाहिली ना या डोळ्यांनी.”

पप्पा उठले. हात पँटला पुसले, मग पुन्हा पुसले. मशीनजवळ आले. मला वाटलं ते कार्ड उचलून ड्रॉवरमध्ये टाकतील आणि मला एक ठेवून देतील. मी खांदे आवळून तयार होते.

त्यांनी खोडरबर घेतलं. जाड बोटांत ते दिसेनासंच झालं. डाव्या हातानं कार्ड दाबून धरलं, जसं ते मोटारीत तारेखाली घालायचा कागद धरतात, आणि सोळाव्या महिन्याच्या चौकोनात हळूहळू घासायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. फुंकर मारली. करडी भुकटी गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर उडाली.

चौकोन रिकामा होता.

आई त्याकडे बघत राहिली. तिचा पाय पायडलवरून सुटला होता, आणि पायडल खाली गेलं, वर आलं. पुन्हा एकदा खाली. त्या वेळी नळाचं कुणीच काही बोललं नाही.

“कुठे होतात त्या दिवशी?” आईनं विचारलं.

“खालच्या मळ्यातल्या विहिरीवर. मोटार जळाली होती. केळी वाळत होती त्यांची, माणूस दारात येऊन बसला. म्हटलं तासाभरात करून नेऊ हिला. संपेपर्यंत तीन वाजले. उपकेंद्र बंद झालं होतं.”

“आणि मग?”

“म्हटलं पुढच्या गुरुवारी नेऊ. तू फोनवर विचारलंस...” त्यांनी खोडरबर खाली ठेवलं. “मी हो म्हणालो. मग तू आलीस आणि कार्ड बघून तूच म्हणालीस, बरं झालं, आठवणीनं नेलंत.”

“ठगूआजीकडे निरोप आला होता सिस्टरचा,” मी म्हटलं.

“मीच सांगितलं तिला, झालंय म्हणून.”

आई ओरडेल म्हणून मी हर्षूला उचलून घेतलं होतं. ती ओरडली नाही. कार्ड हातात घेतलं आणि अंगठ्यानं तो चौकोन चाचपला, कापडाची उलट बाजू बघतात तसा.

“चार वर्षं,” ती म्हणाली, “चार वर्षं मी हे दाखवत फिरतेय. विमलच्या पोराला नेऊ दिलं नाही. जयाच्या जुळ्यांना नेऊ दिलं नाही. तुम्ही मागं बसून मोटारी भरत होतात. ऐकत होतात.”

“हो.”

“एकदा खोकला असतात तरी चाललं असतं.”

पप्पा उंबऱ्यातच खाली बसले. ते रडत होते की नाही मला सांगता येणार नाही, कारण त्यांनी तोंड पडवीकडे केलं होतं.

मग आई माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात काही नव्हतं, अगदी राग पण नव्हता. “पहिला तर दिला होता ना? तो पेनाचा आहे?”

“आहे. सिस्टरचंच अक्षर.”

“मग त्यानं का नाही वाचली?”

“एक डोस वीसमधल्या सतरा जणांना लागू पडतो. तिघांना नाही. कोण तिघं ते कळत नाही, म्हणून दुसरा सगळ्यांना देतात.”

“आणि दुसरा दिला असता तर?”

“एकोणीस.”

“आणि ती विसावी असती तर?”

“असती तर...” मला सिस्टरांचं तोंड आठवलं. “ते कुणीच सांगू शकत नाही, आई. सिस्टर पण म्हणाल्या, सांगणार नाही.”

आईनं मान हलवली. तिला कुणीतरी ‘वाचली असती’ म्हणायला हवं होतं, की ‘नसतीच वाचली’ म्हणायला हवं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

पप्पा पडवीकडे तोंड करूनच बोलले. “मी भरलेल्या वीस मोटारींतल्या दोन-तीन परत येतात. परत आलेली मी पुन्हा भरून देतो. कुणी माझ्याकडे यायचं थांबत नाही.” मग म्हणाले, “हे मला तुला चार वर्षांत एकदा सांगता आलं नाही.”

“मोटारींचं सांगू नका मला,” आई म्हणाली.

मागच्या भिंतीपलीकडे, कुंभार गल्लीत, एक पोर खोकत होतं. कोरडा, भुंकल्यासारखा खोकला. मला तो ओळखू आला, आईलाही आला असणार. तिनं एकदम हात पुढे करून हर्षूला माझ्याकडून घेतलं आणि त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तो तिच्या हातातून निसटायला बघत होता. त्याला मशीनखाली जायचं होतं.

आईनं त्याला खाली ठेवलं. तो गेला, सरळ मशीनखाली, आणि पायडलला दोन्ही हातांनी धरून बसला. आईनं तो आवाज काढला नाही. पाय वर, खुर्चीच्या दांडीवर घेतले. त्यानं ढकललं. चाक अर्धं फिरलं, सुई रिकामीच खाली गेली आणि वर आली.

आम्ही तिघंही बघत होतो.

मी मगाशी गिळलेलं भाषण आता आठवत होतं, पण त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. आईच्या हातातून मी कार्ड घेतलं, पप्पांच्या शेजारी उंबऱ्यात जाऊन बसले आणि ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. रिकामा चौकोन वर.

“आई, पप्पा, मी उद्या शाळेत जाणार नाही,” मी म्हटलं. “हर्षूला घेऊन मी उपकेंद्रात जाणार आहे, आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर येणार आहात. स्कूटरवरून नाही, चालत. जाताना गल्लीतल्या सगळ्या घरांपुढे थांबायचं. आई, या वेळी तू कार्ड दाखवायचं नाहीस. ते पप्पा दाखवतील.”